जलशाच्या कॅसेटी

दरोडे पाहिले, खून पाहिले, पण नोकरीतली एखादी गोष्ट सांगा म्हटलं की माझ्या तोंडी पहिल्यांदा जलशाच्या कॅसेटीच येतात.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. मी परभणी जिल्ह्यात फौजदार होतो आणि ताडकळसच्या बाजूचं एक गाव माझ्या हद्दीत होतं. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या एका गुरुजींनी आंबेडकरी जलशात गावोगाव गायलेल्या म्हाताऱ्या जलसाकारांची गाणी टेप करून ठेवली होती. ती जपावीत, गावात त्यांचा संग्रह उभा राहावा म्हणून त्यांनी सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता. पाहणीला औरंगाबादहून साहेब यायचे होते आणि नेमक्या त्याच आठवड्यात वस्तीच्या वाचनालयात ठेवलेल्या कॅसेटी नाहीशा झाल्या. त्यातले काही गायक तोवर वारले होते, म्हणजे पुन्हा टेप करण्याचीही सोय नव्हती. गुरुजींनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली.

पाठोपाठ खबर आली, की वरच्या आळीतली, म्हणजे सवर्णांची, दोन पोरं वाचनालयाजवळ घुटमळत होती. त्या दिवसांत अशी खबर म्हणजे वाळल्या कडब्याजवळ पेटती काडी. वस्तीतले तरुण ठाण्यासमोर जमले आणि अटक करा म्हणू लागले. मी त्यांना तोंडावर सांगितलं, पुराव्याशिवाय अटक होणार नाही आणि कॅसेटी मिळेपर्यंत मी तपास सोडणार नाही.

पोरांना वेगवेगळं बसवून विचारलं. एक रडकुंडीला आला, दुसरा चिडला.

"सायब, चोरीच करायची म्हनल्यावर मी मशीन सोडून कॅशेटी नेईन व्हय? येडा हाय का मी?"

बोलणं बिनतोड होतं. पंचनाम्यात मीच लिहिलं होतं, टेपरेकॉर्डर जागेवर, कुलूप शाबूत. पोरांना चहा पाजून घरी धाडलं. कुलपाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. एक गुरुजींकडे आणि दुसरी रोज सकाळी वाचनालय उघडणाऱ्या बाबांकडे. हे बाबा म्हणजे जलशाचे मुख्य गायक.

मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. ज्याची वस्तू जाते तो पोलिसाला दहादा विचारतो, सापडली का म्हणून. बाबांनी ज्वारी कशी आली ते सांगितलं, माझ्या बदलीचं विचारलं, पण कॅसेटींचा विषय काही काढला नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"बाबा, तुमचाच आवाज तुम्ही का लपवला?"

बाबांनी एकदा दाराबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजीनं अर्ज वाचून दावला. वर काय लिवलंय? अनुदान मागनी अर्ज. दान बी आन मागनी बी! माझा बाप येसकर व्हता, गावकीची कामं करून टोपली घिऊन दारोदार भाकर मागायचा. धम्म घेतला तवा ती टोपली मी माझ्या हातानं फेकली. आन आता माझंच गानं ऐकवून दान मागायचं? न्हाई जमनार."

मला हसूही येईना. मी म्हणालो, "बाबा, मी पगार घेतो, ती भीक आहे का? तुम्ही काडेपेटी घेता त्यातही सरकारला कर जातो. त्याच पैशातून लोकांना जे परत मिळतं, त्याला अनुदान म्हणतात."

"मंग तसं लिवा की! मागनी कशाला म्हनायलेत?"

तो शब्द खोडायला लावतो असं मी कबूल केलं, तेव्हा उठून त्यांनी कणगीतल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या कॅसेटी माझ्यापुढे ठेवल्या. निरोप मिळताच धावत आलेले गुरुजी बाबांच्या गळ्यात पडून रडले. फिर्याद त्यांनी मागे घेतली. ठाण्यासमोरच्या मंडळींना काय झालं ते बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्याला छाती लागते.

गुरुजींनी अर्ज नव्याने भरला आणि त्यावरचा छापील 'मागणी' शब्द खोडला. परभणीच्या कचेरीतला कारकून छापील नमुना बदलता येत नाही म्हणून अडून बसला. मी गणवेशात त्याच्या टेबलाशी उभा राहिलो आणि अर्ज तसाच दाखल करून घेतल्याशिवाय हललो नाही.

त्या दिवसापासून मी कुणाचाही जबाब घेताना एक पथ्य पाळलं. आपले सरकारी शब्द समोरच्याच्या कानाला कसे लागतात, ते आधी त्यालाच विचारायचं. माणसं कायद्यापेक्षा शब्दाला जास्त जपतात.

पाहणीला साहेब आले, गाणी ऐकून खूश झाले. "बाबा, तुमची मागणी मंजूर करतो," म्हणाले.

बाबा ताठ उभे राहिले. "मागनी न्हाई, सायब. गानी आमची हायेत. दान आमी द्यायलोत, तुमी पावती फाडा."