टाकीला शिवलेलं झबलं

टेलरबाईंच्या हाताला एक खोड होती. वस्तू उघडी दिसली की तिला कपडा शिवल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. रेडिओला, मिक्सरला, पाण्याच्या पिंपालासुद्धा त्यांनी अंगाबरोबर कपडे शिवले होते. सासऱ्यांनी आपली जुनी मोटरसायकल सुनेच्या हवाली केली, तेव्हा आठवडाभरात टाकीला लाल रेक्झिनचं झबलं तयार झालं. आतून मऊ अस्तर, आणि धूळ जाऊ नये म्हणून पेट्रोलच्या झाकणावर इलॅस्टिकची घट्ट टोपी. अख्ख्या गल्लीने ते हात लावून पाहिलं.

बाईंना घरोघर जाऊन पडद्यांची मापं घ्यायची होती, तीही कुणाच्या मागे न बसता. त्यासाठी लायसन्स हवं होतं. पण परीक्षेत आठाचा आकडा काढताना गाडी मध्येच बंद पडायची. असं दोनदा झालं. आणखी एकदा थांबली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं. आज अकरा वाजता तिसरी खेप होती.

सकाळी सातलाच बाईंनी पदर खोचला. चेन बोटाने वरखाली करून पाहिली, तेल पाहिलं, हवेची जाळी झटकली. मग अंगणात गाडी गोल गोल फिरवायला लागल्या. दहा मिनिटं गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. मग दोन आचके दिले आणि गप्प.

ओट्यावर बसलेले सासरे म्हणाले, "माझ्याकडे वीस वर्षं होती. कधी अशी रुसली नाही."

"मग तुम्हीच घाला ना समजूत, मामंजी."

म्हातारा मिशीत हसला, पण उठला. बाईंनी प्लग काढला, इंजिनाला टेकवून धरला आणि सासऱ्यांना किक मारायला सांगितली. निळी, टपोरी ठिणगी उडाली. ठिणगी आहे म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. म्हणजे अडतंय ते पेट्रोल. प्लग पुन्हा बसवून त्यांनी टाकीतून कार्ब्युरेटरला पेट्रोल नेणारी नळी सोडवली आणि खाली डबा धरला. टाकी काठोकाठ भरलेली, पेट्रोलचा कॉक उघडा, आणि नळीतून थेंब थेंब. कचरा अडकला असेल म्हणून नळी फुंकून पाहिली, तर ती साफ होती.

टाकीत डोकावावं म्हणून त्यांनी रेक्झिनची टोपी मागे सारून झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत शिरली, आणि त्याच क्षणी डब्यात पेट्रोलची धार लागली.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. झाकण काढून उन्हात धरलं. किल्लीच्या भोकाशेजारी सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं, टाकीला श्वास घेण्यासाठी. जितकं पेट्रोल खाली जाईल तितकी हवा वरून यायला हवी. ती येत नव्हती, कारण वर त्यांच्याच हातची सुरेख टोपी घट्ट बसली होती. दोन महिने गाडीला दोष दिला, आणि नाक दाबून ठेवलं होतं आपणच.

"मामंजी, गाडी मी मारत होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. सासऱ्यांनाही आवरेना.

कात्री आणायला त्या धावतच आत गेल्या. झाकणापुरता गोल त्यांनी एका दमात कापला. तरी कडेला दुमड घालून टीप मारल्याशिवाय राहवलं नाही, आणि त्यात दहा मिनिटं गेली. झबलं पुन्हा टाकीवर चढवलं, मग अंगणात पंधरा मिनिटं गाडी फिरवली. आचका नाही, उसासा नाही.

अकराला मैदानावर नाव पुकारलं गेलं. साहेबांनी कागदावर पेन टेकवून ठेवलं होतं, गाडी कुठे थांबते ते पाहायला. बाईंनी आठ काढला. मग दुसरा काढला. साहेबांनी हात वर केला, तो बाईंना दिसला नाही. तिसऱ्या आठाला साहेब स्वतः आखलेल्या रेघेपर्यंत चालत आले.

"बाई, पास झालात. आता थांबवा की."

"थांबवते, साहेब," गाडी वळवत टेलरबाई म्हणाल्या, "हा एवढा पुरा होऊ द्या."