मडमेचा पदर

आमच्या गावात एकाच वर्षी दोन बाया बाहेरून राहायला आल्या. एक अमेरिकेहून, दुसरी सांगलीहून. अमेरिकेची बाई दोन वर्षं समाजसेवा करायला स्वतःच्या खुशीनं आली होती. सांगलीची मी. मला माझी खुशी कुणी विचारली नव्हती. तिला आणायला उंब्रजच्या फाट्यावर सरपंच हार घेऊन गेले होते. हे मी मत्सरानं लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मत्सर होताच.

तिला आमच्याच माडीवरची खोली मिळाली. सासरे लष्करातून हवालदार होऊन परतलेले, त्यामुळं गावात इंग्रजी येतं ते त्यांनाच, असा सगळ्यांचा समज. त्यांचं इंग्रजी ‘येस सर’च्या पुढं कधी गेलं नाही, पण ते खणखणीत आवाजात म्हणत. माझे मालक तेव्हा पठाणकोटला पलटणीत होते. म्हणजे घरात सासू, सासरे, मी आणि ही मडम.

गाव म्हणायचं, मडम किती छान रुळली! कशी रुळली ते मला विचारा. तिचं पिण्याचं पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायचं, मग गाळायचं. ते उकळणारी मी. तिची आमटी बिनतिखटाची, वेगळ्या पातेल्यात. पातेलं घासणारी मीच. तिच्यासाठी परड्यात आठवड्याभरात पत्र्याची न्हाणी उभी राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही बायका आडोशाला लुगडं धरून पहाटे अंघोळी उरकत होतो, ते कुणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं. सासूबाई वर मलाच ऐकवत, “बघ, परमुलखाची पोर, पर कशी बिनबोभाट खाती. तुजंच सांगलीचं नाक लय वर.”

पण एका गोष्टीपायी मी तिला सगळं माफ करत होते. ती सोप्यात बसायची.

सोपा म्हणजे आमच्या घराची पुढची बैठक. तिथं पुरुष बसत, चहा पीत, गावाचे निर्णय करत. सुनेनं तिथं पाऊल टाकायचं नाही. चहासुद्धा मी करायचा आणि सासूबाईंनी न्यायचा. मडम मात्र तिथं खुर्चीवर पायावर पाय टाकून बसे. पुण्यात शिकून आलेल्या पुस्तकी मराठीत ती सरपंचांना तोंडावर सांगायची, “तुम्ही ज्या विहिरीवर गुरं धुता तिचंच पाणी मुलांना पाजता. हे बरोबर नाही.” आणि सरपंच मान डोलवून म्हणत, “बराबर हाय बाई.” मी दाराआड उभी राहून ऐकायची. बाईच्या जातीचा आवाज त्या सोप्यात एवढा मोठा होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. आमटी उतू जायची आणि मी तिथंच उभी.

मग तिला आणखी रुळायची हुक्की आली.

पहिल्यांदा पातळ नेसली. मग टिकली, मग हिरव्या बांगड्या. एक दिवस भाकरी करायला बसली. पीठ मी मळून दिलं, चूल मी पेटवली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यासारखं तिनं थापलं. भाकरीचा नकाशा झाला. तो बघायला अर्धी आळी लोटली. सासऱ्यांनी ती मधे कच्ची असलेली भाकरी मिटक्या मारत खाल्ली आणि “फस्क्लास!” म्हणाले. माझ्या टम्म फुगलेल्या भाकऱ्या शेजारच्या दुरडीत होत्या. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

दिवाळीनंतर ती सोप्यात बसेनाशी झाली. सासरे आले की पदर डोक्यावर घेऊन आत यायची, चुलीपाशी माझ्या शेजारी उकिडवी बसायची. “मला खरं गावातलं व्हायचं हाय,” म्हणायची. बोलणंही आमच्यासारखं करायला लागली होती. गाव नुसतं खूश. मला तर तिचा असा संताप आला की काय सांगू! जिथं बसायला मिळावं म्हणून मी एक हात तोडून दिला असता, ती जागा ही बया कुणी न सांगता सोडून आली होती आणि त्याला नम्रपणा म्हणत होती. तिच्या ट्रंकेत परतीचं तिकीट होतं. पदर हा तिचा दोन वर्षांचा खेळ होता.

दुसऱ्या वर्षी गावात बालवाडी मंजूर झाली. तिच्याच खटपटीनं झाली, ते मी नाकारत नाही. शिक्षिका नेमायला तालुक्याचे साहेब येणार होते. सोसायटीच्या चेअरमनची मेहुणी नक्की धरली होती. तिनं सातवी दोनदा दिली होती आणि दोन्हीदा नापास झाली होती. मी सांगलीच्या शाळेतून मॅट्रिक झालेली. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की तीन दिवस घास गोड लागला नाही. दिवसाचे चार तास या घराच्या बाहेर, माझ्या अकलेवर. याहून जास्त मी त्या वयात काही मागितलं नव्हतं.

सासऱ्यांना मी कशी सांगणार? मडम सांगू शकत होती. पाहुणीचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. साहेब यायच्या आदल्या दिवशी परड्यात भांडी घासताना मी तिचे हात धरले. म्हटलं, एवढं एक वाक्य बोला.

तिनं राखेचे हात पदराला लागणार नाहीत असे धरले आणि हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, आपल्यात सुना अशा पुढं पुढं करत न्हाईत. मामंजींना वाईट वाटंल.”

आपल्यात! मामंजी! विहिरीवरून सरपंचाला झापणारी ती हीच काय?

दुसऱ्या दिवशी सोप्यात साहेब, सरपंच, चेअरमन आणि सासरे बसले. आत चहा तयार झाला. सासूबाई ताट उचलायला वाकल्या आणि मी ते त्यांच्या हातून घेतलं. उंबरा ओलांडताना बश्यांत निम्मा चहा सांडला. ताट खाली ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, “मी मॅट्रिक आहे. बालवाडी मी चालवीन.”

चेअरमन आढ्याकडं बघायला लागले. सासऱ्यांच्या मानेची शीर उडायला लागली. तेवढ्यात साहेबांची नजर माझ्यामागं दाराकडं गेली. तिथं मडम उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

“वा, बाई!” साहेब हसून म्हणाले. “ही तुमची शिकवण दिसते.”

सासऱ्यांचा चेहरा क्षणात निवळला. सुनेचा आगाऊपणा त्यांना गिळता आला नसता. पाहुणीची इच्छा गिळता आली. म्हणाले, “बाईंच्या मनात हाय म्हटल्यावर आमी कशाला न्हाई म्हणू?”

मडमेनं मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखी लाजून हसली. ‘मी काही केलं नाही’ एवढं तिनं म्हणायला हवं होतं. पण तिनं ते म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, हे मलाही कळत होतं. म्हणून मीही काही बोलले नाही. साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं.

नंतर ती हे सगळ्यांना सांगायला लागली. वहिनींना सोप्यात आणायला मला दीड वर्ष लागलं, असं. सांगताना तिचे डोळे भरून येत. बहुतेक तिला ते खरंच वाटत होतं. तिच्या निरोपाच्या सभेत सरपंच म्हणाले, बाईंनी आमच्या सुनांना वाचा दिली. तिनं मला मिठी मारली. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर, जोरात.

ती गेल्यावर गावानं ठराव करून बालवाडीला तिचं नाव दिलं. दारावर लावायची पाटी रंगवायला गावात कुणाचं अक्षर धड नव्हतं. ती मीच रंगवली.