अणुकचऱ्यासाठी कोरडं गाव

जळगावहून निघताना समितीच्या जीपमध्ये मला मागच्या बाकावर, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी जागा मिळाली. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. अणुभट्टीतला किरणोत्सर्गी कचरा जमिनीखाली खोल पुरायला सरकार जागा शोधत होतं, आणि या खेपेला गावकऱ्यांना विचारूनच पुरायचा, असं वरून ठरलं होतं. विचारणारे मुंबईचे आणि गावकरी अहिराणी बोलणारे, म्हणून जळगावच्या मेहरूणमधल्या माझ्यासारख्या मास्तराला दुभाष्या म्हणून उचललं.

समितीचे प्रमुख डॉक्टरसाहेब भूगर्भशास्त्राचे. पारोळ्यापर्यंत ते लोकसहभागावर अखंड बोलत होते. पारोळ्याला शेवभाजी खाल्ली आणि तिखटाने ते थेट धुळ्यापर्यंत गप्प राहिले. त्या भाजीचा मी आजही ऋणी आहे. धुळ्याला तालुक्याचे नायब तहसीलदार जीपमध्ये चढले. केळीच्या बागा कधीच मागे पडल्या होत्या. आता दोन्ही बाजूंना काळी टेकाडं आणि वाळक्या बाभळी होत्या.

गावाच्या तोंडाशी इंजिन तापलं. ड्रायव्हरने पहिल्याच घरात पाणी मागितलं. एक म्हातारी अर्धा हंडा घेऊन आली. सगळे तिला अक्का म्हणत. ड्रायव्हर पाणी ओतत होता तेव्हा सांडतंय का, हे ती वाकून बघत होती. मी विचारलं तेव्हा कळलं, की बाया पहाटे उठून झिऱ्यावर (नदीच्या वाळूत खणलेला खड्डा) रांग लावतात. नायबसाहेब तेवढा वेळ आभाळ बघत होते.

सरपंच आबांकडे कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत झालं. डॉक्टरांनी मागून घेऊन खाल्लं आणि वातावरण प्रकल्पाला अनुकूल आहे, असं हळूच मला सांगितलं. खानदेशात दारी आलेल्याला जेवू घालतातच, त्याचा प्रकल्पाशी काही संबंध नाही, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला फक्त भाषांतराला नेलं होतं.

सभा मारुतीच्या पारावर भरली. डॉक्टरांनी नकाशा टांगला. मुलीकडच्यांसमोर मुलाचे गुण सांगावेत तसे ते त्या गावच्या खडकाचे गुण सांगू लागले. खडक टणक आहे, अखंड आहे, आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे कोरडा आहे. समितीने मारलेल्या एकाही बोअरला पाणी लागलं नव्हतं. पाणी असतं तर त्यातून विष पसरलं असतं, म्हणूनच या गावाची निवड झाली. मी हे सगळं अहिराणीत सांगितलं.

मग अक्का उठल्या. खाली खरंच पाणी नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टर खुलले. थेंबसुद्धा नाही, मी लेखी देतो, म्हणाले.

अक्का नायबांकडे वळल्या. "साहेब, उन्हायामा (उन्हाळ्यात) तुमी सांगं व्हतं, गावमा पानी भरपूर शे (आहे), टँकर भेटाव नही. आते तुमी दोन्ही साहेब आपसमा ठरावा. पानी शे तं यासना कचरा नको. पानी नही तं टँकर धाडा."

याचं भाषांतर करताना मला जो आनंद झाला तो लपवणं कठीण गेलं.

दोन्ही साहेब लिंबाखाली गेले. मीही मागोमाग गेलो, मात्र तिथे दुभाष्याची गरज नव्हती. पाणी नाही असं मान्य केलं, तर आजवरचे अहवाल कोणी खरडले हे वरचे विचारणार, हे नायबांना पक्कं ठाऊक होतं. सरकारदरबारी जिथे भरपूर पाणी आहे तिथे कचरा पुरता येत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. देशाचा प्रकल्प एकीकडे आणि नायबांची नोकरी एकीकडे. नोकरी जिंकली. नायबांनी पारावर येऊन जाहीर केलं, की गावाला मुबलक पाणी आहे, समितीच्या बोअरच चुकीच्या जागी मारल्या गेल्या, आणि अर्थातच यापुढे टँकरची मागणी कोणी करू नये.

डॉक्टर नकाशा गुंडाळू लागले. सगळे पांगले तेव्हा मी अक्कांना गाठलं. टँकर कायमचा गेला, याचं मला वाईट वाटत होतं आणि मी तसं म्हटलं.

त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "टँकर कव्हय (कधी) येनार व्हता, भाऊ? कचरा मातर नक्की येता."

परतताना डॉक्टरांनी विचारलं, म्हातारी काय म्हणाली. मी म्हटलं, सरकारवर तिचा पूर्ण विश्वास आहे. त्यांना बरं वाटलं.

दिवेलागणीला घरी पोचलो. सगळं ऐकून बायकोने विचारलं, मग गाव जिंकलं म्हणायचं ना? मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. गावाचं मत विचारायला सरकार पहिल्यांदाच त्या पारावर आलं, आणि गावाने तहान मागून घेतली.