गुलाल आपलाच

काकांची बोट विकायची नाही.

हे आज दुपारी ठरलं आणि मला ते कोणाला तरी सांगायचंच आहे. एरवी मी इथे फक्त लाइक करते.

श्रीकांतकाकांना जाऊन आज वर्ष झालं. मी अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडीला आले, तेव्हा गणपतीच्या जेवणात भेटले होते. नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर.

"पोहता येतं?"
"नाही."
"मग बोट जपून चालवशील. रविवारी ये."

लेक एरीवर त्यांची जुनी शिडाची बोट होती. उन्हाळाभर फिरायचं आणि थंडीआधी ती बंद करायची.

इंजिनात किंवा नळांच्या पाइपात पाणी राहिलं, तर त्याचा बर्फ होऊन सगळं फुटतं. म्हणून पाणी काढून आत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं.

काका त्याला गुलाल म्हणायचे. नळातून गुलाबी धार आली की निवडणूक जिंकल्यासारखे ओरडायचे, "गुलाल आपलाच!"

यंदा त्यांचा मुलगा निखिल सिएटलहून म्हणाला, "आई, जस्ट सेल इट. कोण करणार हे सगळं?"

काकू म्हणाल्या, "आम्ही दोघी करून बघतो. नाही जमलं तर विक."

आज रात्री फ्रीझ वॉर्निंग आहे. म्हणजे आजच.

नळांचं पटकन जमलं. टाकी रिकामी केली, गीझर बायपास केला, पंप लावला. नळ आधी फुरफुरला, मग गुलाबी झाला.

मग इंजिन. ते सुरू झालं. थंड राहायला ते पाइपातून तळ्याचं पाणी ओढतं. आता ते पाणी बंद करून पाइप अँटिफ्रीझच्या बादलीत टाकायचा. मी हात घातलाच होता.

"थांब. आधी चहा." काकूंनी थर्मास काढला.

"काकू, नंतर. अंधार पडेल."

"अगं, इंजिन तापेपर्यंतचा चहा आहे हा. थंड असताना थर्मोस्टॅटची झडप उघडत नाही. तुझा गुलाल बाहेरच्या बाहेर जाईल आणि आत पाणी तसंच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"थर्मास कोण भरून द्यायचं? 'मोठा दे, इंजिन थंड आहे.' दर वर्षी हेच."

आणि मी समजत होते, काकांना चहाशिवाय काम सुचत नाही.

चहा प्यायलो. इंजिन चांगलं तापलं. मग पाइप बादलीत टाकला. काकू मागे, इंजिनातलं पाणी बाहेर पडतं त्या एक्झॉस्टवर वाकून उभ्या राहिल्या.

"आलं का?"
"पाणीच आहे."

बादली निम्मी झाली.

"काकू?"
"पाणीच गं."

बादलीचा तळ दिसायला लागला. मला वाटलं, गेली बोट.

आणि काकू ओरडल्या. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"गुलाल आपलाच!"

मी धावत मागे गेले. भसाभस गुलाबी. आम्ही दोघी त्या थंडीत वेड्यासारख्या हसत होतो.

काकूंनी तिथूनच निखिलला फोन लावला. "विकायची नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

थर्मासमध्ये एक कप उरला होता. तो त्यांनी तळ्यात ओतला.

काका, बोट नीट बंद झाली. चहात आलं जरा जास्त पडलंय, सांभाळून घ्या.

तुम्हाला आम्हा दोघींचा नमस्कार.