बिल्लेवाला मासा

मंडळी, आज माझा सर्व्हे माझ्याच ताटात आला.

पिंपळगाव राजाजवळच्या एका गावात पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. त्यात मासे किती, ते मी मोजतेय. मासे धरायचे, पाठीला पिवळा बिल्ला लावून पाण्यात सोडायचे आणि काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. जाळ्यात बिल्लेवाले जितके कमी, तितके तलावात मासे जास्त, असा हिशोब.

आज सकाळी जाळं ओढलं, तर बिल्लेवाला एकही नाही! म्हणजे तलाव माशांनी खचाखच भरलेला. मी नाचायचीच बाकी राहिले.

दुपारी, ज्यांच्या घरी मी उतरलेय त्या सुमनकाकूंनी माशाचा रस्सा वाढला. पहिल्याच घासाला दाताखाली कचकन काहीतरी आलं. पिवळा बिल्ला!

"काकू, हा मासा कुठला?"

"तलावातलाच हाय वं. तुह्यासाठी मुद्दाम बिल्लेवाला आणला. सारं गाव तेच खाऊन राह्यलं."

"काऊन?"

"आता काऊन! आमच्या म्हशीच्या कानाले बिल्ला मारला, तवा डॉक्टर म्हणे लस टोचली. मंग माशाले बी टोचलीच असन नं? बिनबिल्ल्याचा खाऊन बिमार कोन पडन?"

"अवं, पण रस्सा करताना बिल्ला तरी काढायचा!"

"काढला असता तं तुले कसं समजलं असतं, मासा तपासलेला हाय म्हणून?"

मी बिल्ला ताटाच्या कडेला ठेवला आणि भाकरी मोडली. रस्सा झकास होता.

आता जाणकारांनो, सांगा, हा मासा 'पुन्हा सापडला' असं धरू का? जरा लवकर सांगा. काकूंनी संध्याकाळसाठी अजून एक राखून ठेवलाय.