शून्य ते दहा

११ डिसेंबर, गुरुवार. सकाळी जव्हारमध्ये दाट धुकं, दहानंतर ऊन, दुपारी कोरडा वारा.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीच माणसं दर आठवड्याला त्याच बाकावर बसली की ते साठतात, आणि त्यांतले हसण्यासारखे किती हे नंतर कळतं. आमचा बाक सरकारी दवाखान्यातल्या वेदना-ओपीडीच्या दारातला. दर गुरुवारी नाशिकहून डॉक्टर मॅडम येतात. ज्यांचं दुखणं बरं होणार नाही पण कमी करता येईल, असे पेशंट त्या बघतात. मी नोंदणीला बसतो आणि मॅडमचे प्रश्न पेशंटला गावच्या बोलीत विचारतो.

बाकावर कायमचे दोघं. एक सप्रे सर. आयुष्यभर मुंबईत सैद्धांतिक भौतिकी केली, निवृत्तीनंतर हवेसाठी जव्हारला घर घेतलं, आणि नीट राहायला लागतात तोवर कॅन्सर मणक्यात उतरला. दुसरा भोये. मोखाड्याचा शेतकऱ्याचा मुलगा, इथल्या कॉलेजात शिकवतो आणि सरांना रिक्षाने घेऊन येतो.

*

मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?

जामसरकडची सगळी माणसं ‘दोन’ म्हणायची. पोटात गाठ असलेली बाई दोन, पाय कापलेला म्हातारा दोन. मॅडम चक्रावल्या. शेवटी मी एका आजीला बाजूला घेऊन विचारलं. तिच्या शेजारणीने कधीतरी दहा सांगितलं होतं. तिला त्याच दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. तेव्हापासून गावात मोठा आकडा कुणी काढत नाही.

मी म्हटलं, मग एक का नाही सांगत?

“एक सांगलं तं गोळी नाय देत, दादा.”

*

सरांना हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा ते म्हणाले, शून्य समजलं, पण दहा कुणी मोजलंय? आणि एकक काय?

सरांच्या मागे तेव्हा वीसेक माणसं ताटकळत होती.

“एकक तुम्हीच, सर. सांगा लवकर,” मॅडम म्हणाल्या.

*

सरांची उमेदीची वर्षं एका कणाच्या मागे गेली. गणिताने तो असायला हवा होता. जगभर यंत्रं उभारली गेली, कण काही सापडला नाही. सर हे लपवत नाहीत.

तब्येत बरी होती तेव्हा एकदा ते मोखाड्याच्या बाजाराला जीपने निघाले. मी शेजारी होतो. ड्रायव्हरने विचारलं, बाबा, नोकरीत काय केलं? सर म्हणाले, एक वस्तू शोधत होतो.

“घावली?”

“नाही.”

“मंग पगार?”

“तो मिळाला.”

ड्रायव्हरने गिअर टाकून घाट पार केला. बाजाराशी गाडी थांबवून म्हणाला, “आमाला तं रोजगार हमीवर खड्डा दाखवाया लागतो, तवा मजुरी.”

सर हा किस्सा स्वतः सांगतात. सांगून झाल्यावर हसतो मात्र आम्हीच.

*

भोयेचा विषय पदार्थविज्ञानातला. अजून कुणी बनवलेले नाहीत असे पदार्थ तो कागदावर मांडतो आणि ते किती ताण सोसतील याचं गणित करतो. घरचा कॉम्प्युटर, त्यात वीज जाते, मग हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

मुंबईच्या एका परिषदेत त्याला पोस्टर लावायची संधी मिळाली. स्फटिकाची जाळी, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेले. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई थांबल्या. छातीवरच्या पट्टीवरून नाव वाचलं, गाव वाचलं, आणि चेहरा एकदम खुलला. किती सुंदर, म्हणाल्या. वारली ना? हे तांदळाच्या पिठाने काढलंय का?

“नाही मॅडम. प्रिंटरने.”

बाईंनी तरी फोटो काढून घेतला. पोस्टरचा नाही, पोस्टरसमोर उभ्या भोयेचा.

*

मॉर्फिनच्या गोळ्या कुलुपात असतात. नियमच तसा, आणि बरोबर आहे. एका गुरुवारी कपाटाची किल्ली खिशात घेऊन फार्मासिस्ट ट्रेनिंगला पालघरला गेला. बाकावर, जमिनीवर, जिन्यावर माणसं. जामसरची तीच आजी भिंतीला डोकं टेकून बसली होती. मी फोनवर फोन केले. दुपारी एकदाचा लागला.

तो म्हणाला, घाबरू नका, माझ्याशिवाय कपाट कुणीच उघडू शकत नाही.

*

शेवटचा किस्सा सरांचा.

कण सोडल्यावर सरांनी एक भूमितीचा प्रश्न धरला होता. एका विशिष्ट रचनेच्या स्फटिकात भेग पडली तरी ती ठरावीक मर्यादेपुढे जाऊच शकत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. झालं असतं तर भोयेच्या कामाला पाया मिळाला असता. सरांकडे वेळ थोडा होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पस्तीस पानं लिहून झाली होती. शेवटचं पान काही केल्या जुळत नव्हतं.

मॅडम दर गुरुवारी विचारत, किती? सर म्हणत, चार. चारला मॅडम डोस वाढवत नाहीत. सरांनाही तेच हवं होतं. मॉर्फिनने डोकं जड होतं, आणि माझं आता फक्त डोकं उरलंय, असं ते आम्हाला सांगत.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी ते आले ते खालचा ओठ सुजवून. स्वतःच्याच दातांनी. मॅडमनी ओठ बघितला.

“सर, हे चार आहे?”

“दिवसा एक-दोन असतं. पहाटे आकडा नऊवर जातो. सरासरी चार.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“किती महिने सरासरी सांगताय?”

“पहिल्यापासून. एकच आकडा मागितलात, मग दुसरं काय देणार?”

“सरासरी कुणाला दुखत नाही, सर.”

डोस वाढवायचा म्हटल्यावर सर अडून बसले. एक पान राहिलंय, तेवढं होऊ द्या. मॅडम म्हणाल्या, तीन-चार दिवस झोप येईल, मग बहुतेक डोकं मोकळं होईल. सरांनी भोयेकडे बघितलं. भोये म्हणाला, माझ्या स्फटिकांना घाई नाही. तरी सर मानेनात. शेवटी मॅडमनी त्यांच्या हातात पेन दिलं आणि ‘डोस नको’ असं लिहून सही करायला सांगितलं. सरांनी तीनदा प्रयत्न केला, वेदनेने सही जमलीच नाही. तेव्हा ते हो म्हणाले.

चार दिवस सर झोपून होते. पाचव्या दिवशी उठले, आंघोळ केली, नागलीची भाकरी मागून घेतली आणि कागद घेऊन बसले. भोये तिथेच होता. शेवटचं पान न काढता सरांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. थोड्या वेळाने वाचणं थांबलं.

“भोये, चौथं पान बघ.”

भोयेने बघितलं. सात महिने ते पान दोघांनीही वाचलं होतं.

आज मॅडमनी विचारलं, सगळ्यात जास्त किती? सर म्हणाले, तीन. झोप? पूर्ण. डोकं? स्वच्छ.

चूक चौथ्या पानावर होती. पुढची एकतीस पानं तिच्यावर उभी होती. डोस तोच ठेवला.