‘कुड’ आणि ‘स्विम’च्या मधे

“मधे नॉट घाल,” सर म्हणाले आणि खडू माझ्या हातात दिला.

फळ्यावर मी नुकतंच लिहिलं होतं, माय मदर कुड स्विम. पूर्वी घरात कुणाला काय येत होतं, ते ‘कुड’ वापरून लिहायचं होतं. कुणाच्या आजोबांना घोडेस्वारी, कुणाच्या आत्याला पियानो. पाचगणीची बोर्डिंग शाळा ती. माझी आई तिथं झाडलोट करायची. दर शनिवारी पोहण्याचा तलाव रिकामा झाला की आत उतरून फरशी घासायची. ती तिथं कामाला, म्हणून मला त्या वर्गात बाकावर जागा.

“फरशी घासणं म्हणजे पोहणं नव्हे,” सर म्हणाले.

वर्ग हसला. लय हसला. हे सांगताना मी आजही सरांचा आवाज हुबेहूब काढते, चष्मा नाकावर ओढते, ऐकणारे खो खो हसतात. इथवर जमतं मला.

आई वाईजवळची. लग्नाआधी पाठीला भोपळा न बांधता कृष्णा पार करायची. मला ठाऊक होतं. तरी मी नॉट घातलं. दोन शब्दांच्या मधे, दाटीवाटीनं.

संध्याकाळी ती वर्ग झाडायला आली. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. माझं अक्षर मात्र ओळखलं.

“काय लिवलंयस गं?”

“तुला पोहता येत होतं, असं.”

“हुतं कशाला? अजून येतंय की.”

हसली. सगळा फळा तिनं पुसला, तेवढी ओळ सोडून. पदर लागू नये म्हणून जपून.

सकाळी रिकाम्या फळ्यावर ते एकच वाक्य. वर्ग पुन्हा हसला. सरांनी विचारलं, फळा पुसायलाही येत नाही का तुझ्या आईला? मी उठले. तळहातानं नॉट पुसलं. परत लिही, म्हणाले.

“नाही लिहिणार.”

दिवसभर वर्गाबाहेर उभी होते.

त्या ओळीत काय होतं, ते आईला मी कधीच सांगितलं नाही. तलाव भरला की तिला काठावरही थांबू देत नसत. गेल्या वर्षी ती गेली. आता तिच्याबद्दल ‘कुड’च लिहावं लागतं.

मी साताऱ्यात इंग्रजी शिकवते. ‘कुड’चा धडा आला की पहिलं वाक्य तेच लिहिते. मधे एका शब्दाची जागा सोडते. पोरी विचारतात, बाई, इथं काय राहिलं?

काही राहिलेलं नाही. इथं कुणी काही घालायचं नाही.